उत्तरेच्या खोलीतली चाचणी

१

दुकानात नवी फिल्म आली की आधी उत्तरेच्या खोलीत तिची परीक्षा व्हायची आणि मगच ती गिऱ्हाइकाच्या कामाला लागायची. हा मास्तरांचा नियम. मास्तर म्हणजे धाकटीचे सासरे. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण कॅमेऱ्यासमोर बसलेल्या नवरदेवालासुद्धा ते "हनुवटी खाली, अजून खाली" असं दटावायचे, म्हणून सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा. धाकटी या घरात सगळ्यांच्या शेवटी आली म्हणून ती धाकटी. आल्या आल्या स्वयंपाकघरापेक्षा तिचा जीव अंधारखोलीतच जास्त रमला. ते पाहून सासरे खूश, नणंद नाखूश आणि नवरा नेहमीसारखा गप्प.

परीक्षा साधी असायची. उत्तरेच्या खोलीत सावली न हलवणारा, शांत उजेड यायचा. तिथे टेबलावर एक जाडा टॉवेल, एक काचेची बरणी आणि लोकरीचा गुंडा मांडलेला असायचा. खिडकीपाशी एक रिकामी खुर्ची. या चार वस्तू फिल्मच्या पोटातलं सगळं बाहेर काढतात, असं मास्तर म्हणायचे. लोकरीचा केस न् केस वेगळा दिसला तर फिल्म चांगली, नाहीतर परत.

आता त्या फोटोत पाचवी गोष्ट आली होती. मास्तर स्वतः. झटका आल्यापासून त्यांची खाट त्याच खोलीत होती. ना बोलणं, ना बघणं, ना बोट हलवणं. डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारून पाहिली, तळव्याला सुई टोचून पाहिली आणि बाहेर येऊन हळूच सांगितलं, की आत कोणी असल्याची खूण मिळत नाही. तेव्हापासून घरात एकच विषय. शनिवारी गाडी येणार आणि मास्तरांना लांबच्या एका शुश्रूषागृहात नेणार. तिथे माणसं चांगली होती, पण भेटायला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा, आणि मग हळूहळू कोण किती जाणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. धाकटीला एवढंच वाटत होतं, की ते आत असतील आणि त्यांना सगळं कळत असेल, तर आपण केवढं मोठं पाप करतोय! पण नुसत्या वाटण्यावर घर चालत नाही. तिला खूण हवी होती आणि ती कुठून आणायची ते कळत नव्हतं.

इकडे कामही अडून बसलं होतं. वाचनालयाच्या जिन्यातल्या भिंतीवर लावायला एक मोठा, भिंतभर फोटो करायचा होता, आणि मास्तरांची नेहमीची फिल्म बाजारातून उठली होती. धाकटीने दोन नव्या फिल्म मागवल्या. एक वेगवान. ती पळतं मूलसुद्धा जागच्या जागी पकडते, पण फोटो मोठा केला की चेहऱ्यावर जाडं मीठ सांडल्यासारखं दिसतं. दुसरी एकदम संथ. तिचा दाणा पिठीसाखरेसारखा, पण तिला उजेड पाजता पाजता हात दुखून येतात. उत्तरेच्या त्या मंद उजेडात दोन-तीन मिनिटं शटर उघडं ठेवावं लागतं.

तिने दोन्ही फिल्मवर खोली टिपली, अंधारखोलीत जाऊन, रिळाची एक बाजू धरून दुसरी अंगठ्याने पुढे-मागे फिरवत, त्या रिळांवर चढवल्या आणि धुण्याच्या टाकीत घातल्या. बारीक दाण्याची फिल्म धुताना घाई चालत नाही. चित्र उमटवणारा डेव्हलपर पातळ, जरासा गार, आणि टाकी घुसळायची नाही. झोपलेल्या माणसाची कूस बदलावी तशी उलटायची. वाळल्यावर तिने भिंग लावलं. संथ फिल्मवर लोकरीचा केस न् केस उमटला होता, बरणीच्या काचेतला बुडबुडासुद्धा. मास्तरांच्या छातीवरची चादर श्वासाने किंचित मऊ, पुसट झाली होती, ते ठीकच. फक्त खिडकीजवळची खुर्ची हलली होती. खुर्चीची पाठ दुहेरी दिसत होती, आणि तिला टेकलेला पडदा मात्र दोऱ्यासकट स्वच्छ.

"झालं!" धाकटी स्वतःवरच चिडली. हललेला फोटो म्हणजे फोटोवाल्याची लाज. तिने ती निगेटिव्ह कचऱ्यात टाकली आणि कॅमेऱ्याच्या तिपाईचे स्क्रू आवळले.

२

खुर्चीच तेवढी कशी हलेल, हा प्रश्न तिला दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना पडला. कॅमेरा हलला असता तर सगळंच हललं असतं. रस्त्यावरून मोठा ट्रक गेला असता तर टेबलावरची बरणी आधी थरथरली असती. मनात पाल चुकचुकली, पण तिने तिला हुसकावून लावलं. खिडकीची फट असेल, वारा असेल. तिने खिडकी घट्ट लावली, खुर्चीखाली कागदाची घडी सारली आणि दोन्ही फिल्मवर पुन्हा खोली टिपली.

या वेळी खुर्ची खिळ्यासारखी स्थिर आली. हललं होतं ते खाटेचं पायथ्याचं टोक. मास्तरांच्या पावलांपलीकडे, खिडकीच्या बाजूला, गादीची कड पुसट झाली होती. कोणी तिथे बसतं, उठतं, पुन्हा बसतं, तशी. वेगवान फिल्मवर, त्याच खोलीत, त्याच सकाळी, काही नव्हतं. गादी गादीच्या जागी.

नणंद दुपारी आली ती मास्तरांचे कपडे निवडायला. तिच्या हातात रिकामी पिशवी होती आणि डोळे सुजलेले होते.

"वहिनी, अजून इथे फोटो काढत बसलीस? त्यांना जरा तरी शांत पडू दे."

"ताई, तुम्ही काल किंवा आज पायथ्याशी बसला होता का? खिडकीच्या बाजूला?"

"मी आत्ता येतेय. का?"

"काही नाही. गादी हललीय."

"गादी?" नणंदेने कपाळाला हात लावला. "अगं, बाप हलत नाही म्हणून आम्ही रडतोय आणि तुला गादीचं पडलंय! शनिवार लांबवायला काहीतरी निमित्त शोधू नकोस. मला काय हौस आहे का त्यांना पाठवायची? पण त्या देहात माणूस आहे की नाही, तेच कळत नाही गं."

नणंद वाईट नव्हती. पहिले दोन महिने तीच रात्ररात्र उशाशी बसली होती आणि तिची कंबर कायमची धरली होती. तिच्याशी भांडायला धाकटीकडे होतं काय? एक हललेली गादी.

३

तिसऱ्यांदा फोटो काढला तेव्हा तिने कोणाला कारणही सांगितलं नाही. शटर उघडलं आणि ती खोलीकडे बघत राहिली. खोलीत काहीही हललं नाही. पण जी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, ती तिला आवडली नाही. शटर उघडं असेपर्यंत बाहेरचे आवाज दूर गेल्यासारखे वाटायचे. शेजारचा मिक्सर, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं कोणी उशी दाबल्यासारखं. शटर मिटलं, की परत मोकळं.

मग ती अंधारखोलीत गेली. अंधारखोली आणि उत्तरेची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. ठार काळोखात ती फिल्मचं टोक रिळात अडकवत होती, तेवढ्यात भिंतीपलीकडे खाट करकरली. हलक्या माणसाने बेताने बसावं, तेवढीच. मास्तरांना सांभाळणाऱ्या बाई त्यांची कूस बदलत असतील, असं म्हणून तिने रीळ फिरवणं चालू ठेवलं. मग तिला आठवलं, बाई आज सुट्टीवर होत्या.

फिल्म उघडी असताना अंधारखोलीचं दार उघडायचं नाही. एवढ्या वर्षांत तो नियम तिच्या हाडांत मुरला होता. खाट पुन्हा करकरली. आणि तरीही धाकटी हातातलं रीळ शेवटपर्यंत भरत राहिली, तिने टाकीचं झाकण लावलं आणि मगच ती धावली. मास्तर होते तसेच, डोळे मिटून. खोलीत कोणी नव्हतं. गादीवरची सुरकुती जुनी की नवी, ते सांगता येईना.

निगेटिव्हवर पुसटपणा वर सरकला होता. आता तो मास्तरांच्या कमरेशी होता, उजव्या हाताच्या जवळ. खुर्ची, मग पायथा, मग कंबर. तिने भिंग खाली ठेवलं. कोणीतरी खिडकीपासून निघालं होतं आणि सावकाश, बसत बसत, मास्तरांच्या छातीकडे येत होतं. असं सावकाश काय येतं, हे काही कोणी सांगायला नको.

तिचं तर्कबुद्धीचं गाठोडं तिथेच सुटलं. तिने संथ फिल्मचा डबा कपाटात कोंबला. फोटो काढलाच नाही तर ते येणारही नाही, असं एक मन म्हणे. दुसरं म्हणे, अगं वेडे, कॅमेरा फक्त बघतो, आणत नाही. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "शनिवारचं नक्की ना?" आणि तिने, जी महिनाभर नाही म्हणत होती तिने, मान डोलावली.

"मलाही वाटतं, या खोलीतून त्यांना हलवलेलं बरं."

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. "तुला काय झालं एकदम?"

"काही नाही. तुम्ही गाडीवाल्याला सांगून टाका."

४

सांगून टाकल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. उलट मन खाऊ लागलं. तिने मास्तरांना त्यांच्या भल्यासाठी पाठवायचं ठरवलं नव्हतं, स्वतःच्या भीतीपोटी ठरवलं होतं. ज्या माणसाने तिला काळोखात हाताने बघायला शिकवलं, त्याला ती एका पुसट डागाला घाबरून घराबाहेर काढत होती! शुक्रवारी सकाळी, घरात कोणी नसताना, तिने कपाट उघडलं. संथ फिल्मचा शेवटचा तुकडा उरला होता.

या वेळी ती कॅमेऱ्यामागे उभी राहिली नाही. शटरची लांब वायर घेऊन ती खाटेच्या अलीकडच्या कडेला, मास्तरांच्या डाव्या बाजूला बसली आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. हात कोमट होता, ओल्या कपड्यासारखा जड.

"बाबा, मी आहे इथे," ती म्हणाली. "कोणी आलं तर आधी माझ्याशी गाठ आहे."

तिने वायरच्या टोकाचं बटण दाबलं. बाहेरचे आवाज दूर गेले. ती पलीकडच्या कडेकडे डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. चादर, उजवा हात, गादी, खिडकी. काही नाही. काहीच नाही. तिच्या मानेवरून घामाचा थेंब ओघळला तेवढाच. शटर मिटवलं तेव्हा तिला कळलं, की आपण मास्तरांचा हात इतका घट्ट धरलाय, की बोटांचे वळ उठलेत.

५

निगेटिव्ह वाळेपर्यंतही तिला धीर धरवेना. ओलीच धरून तिने दिव्यासमोर भिंग लावलं.

ती स्वतः श्वासाने थोडी मऊ आली होती. मास्तरांचा चेहरा स्वच्छ, दाढीचे खुंट मोजता यावेत इतका. उजवं मनगट स्वच्छ. आणि त्यापुढे अंगठा आणि तर्जनी नव्हतीच. त्यांच्या जागी पुसट रेषांचा एक पंखा उघडला होता.

पहिल्यांदा आला तो तोच जुना विचार, हलला, टाकून द्या. आणि त्याच क्षणी कचऱ्याकडे निघालेला हात तिने मागे घेतला. आजवर तिने जे कचऱ्यात टाकायचं म्हणून पाहिलं होतं, ते हलणं होतं. आणि आता मास्तरांचा हात हलला होता! दोन-तीन मिनिटांत, इतका हळू, की समोर बसून तिला दिसला नाही. डॉक्टरांच्या टॉर्चला दिसला नाही. वेगवान फिल्मलाही दिसला नसता, तिने तर क्षण कापून घेतला असता आणि बोट थांबलेलं दाखवलं असतं. बघायला तेवढा वेळ देणारी ही एकच निघाली.

तो पंखा कसाही उघडलेला नव्हता. पुढे, मागे, पुढे, मागे, एका रेषेत. ती रेषा तिच्या स्वतःच्या हातांना पाठ होती. काळोखात फिल्म रिळावर चढवताना अंगठा असाच जातो.

मग तिने, मन घट्ट करून, भिंग जरा पलीकडे सरकवलं. हाताच्या पुढे गादी दबली होती. त्या खळग्यावर आरशावर श्वास सोडावा तसं काहीतरी होतं, बसलेल्या माणसाच्या उंचीचं. त्याला चेहरा नव्हता. त्याचा खालचा भाग त्या पंख्यावर वाकला होता, आणि हात कुठे संपतो आणि ते कुठे सुरू होतं, हे एवढ्या बारीक दाण्यातही वेगळं करता येत नव्हतं.

हात मास्तर हलवत होते, की शेजारी बसलेलं ते?

६

नणंद पिशवी घेऊन आली तेव्हा धाकटी उत्तरेच्या खोलीच्या खिडकीला काळं कापड ठोकत होती.

"हे काय चाललंय?"

"ताई, आत या आणि दार लावून घ्या. फटीत ती चादर सारा. नंतर हवं तेवढं बोला मला."

तिच्या आवाजात काहीतरी असावं. एरवी एक कामही विचारल्याशिवाय न करणाऱ्या नणंदेने मुकाट्याने चादर सारली. धाकटीने एक रिकामं रीळ घेतलं, टाकाऊ फिल्मचं टोक त्यात अडकवलं. रिळाची एक बाजू तिने अलीकडून स्वतः धरली आणि दुसरीवर मास्तरांचा उजवा हात ठेवला. बोटं निर्जीव पडली. मग तिने दिवा बंद केला.

"मला भीती वाटतेय गं," नणंद कुजबुजली.

"मलाही."

काळोख तसाच दाट झाला जसा अंधारखोलीत होतो. मिक्सरचा आवाज दूर गेला. नणंदेचा श्वास, मास्तरांचा श्वास, स्वतःचा. किती वेळ गेला कोण जाणे. मग खाट करकरली. पलीकडच्या कडेने. धाकटीला गादी तिकडे कलल्याचं मांडीखाली कळलं.

आणि रीळ वाजलं. कट.

"काय झालं? वहिनी, काय वाजलं?"

"गप्प बसा, ताई. तुम्हाला माझी शपथ."

कट. तिच्या हातातली बाजू स्थिर होती, दुसरी फिरत होती. हळू, फार हळू, पण फिल्म आत जात होती. एका जागी ती अडली. आता हिसका बसणार आणि फिल्म मोडणार, असं धाकटीला वाटलं. पण नाही, फिल्म जराशी मागे आली, थांबली आणि पुन्हा सरळ आत गेली. अडलेली फिल्म न हिसकता अशी मागे घेऊन चढवणारा माणूस जगात एकच, मास्तर, हे तिला ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी तिने रीळ हलू दिलं नाही.

तिने मोकळ्या हाताने दिव्याचं बटण चाचपलं आणि दाबलं.

मास्तरांचा हात रिळावर उभा होता, बोटं व्यवस्थित वळलेली, आणि फिल्मचे काही वेढे आत गेलेले. त्या हातापलीकडे गादीत एक खळगा होता, कोणी बसल्यावर पडतो तेवढा. त्यात कोणी नव्हतं. खळगा तसाच राहिला.

धाकटीची पाचावर धारण बसली होती, पण भीतीपेक्षा मोठं असं एक तिला आता माहीत करून घ्यायचं होतं. चाल मास्तरांचीच होती, पण हात ते स्वतः हलवत होते की कोणी हलवून घेत होतं, एवढंच. ते कळल्याशिवाय उद्याची गाडी परत पाठवता येणार नव्हती. न्यायला आलेलं कोणी असं हात धरून बसत नाही. तिने त्या खळग्याकडे बघितलं आणि घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं ती बोलली.

"फार दिवस धरलंत तुम्ही त्यांना. दमला असाल. आता सोडा. मी आहे."

खाट करकरली. गादीतला खळगा सावकाश भरून वर आला, सुरकुत्या पसरल्या, आणि मास्तरांचा हात रिळावरून निसटून धप्पकन चादरीवर पडला. लाकडाचा असावा तसा.

"काय केलंस तू हे!" नणंद ओरडली. "काय बोललीस तू? होतं ते पण गेलं!"

धाकटीने उत्तर दिलं नाही. तिने तो पडलेला हात उचलला, आपल्या उघड्या तळव्यावर ठेवला आणि वाट बघत राहिली. नणंद हुंदके देत होती. रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवला आणि तो अगदी जवळ, स्पष्ट ऐकू आला. शेजारचा मिक्सर पुन्हा सुरू झाला. खोलीत आता ते तिघंच होते, हे धाकटीला कोणी न सांगता कळलं. हात थंड होत चाललाय असं तिला वाटलं. आपण आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली, असंही वाटून गेलं. तरी तिने तळवा हलू दिला नाही.

मग तिच्या तळव्यावर मास्तरांचा अंगठा पुढे सरकला. गव्हाच्या दाण्याएवढा, पण सरकला. थांबला. मागे आला. पुन्हा पुढे सरकला.

"ताई," ती म्हणाली, "रडणं थांबवा आणि इथे हात ठेवा."

नणंदेने खाली वाकून, डोळे पुसत, आपलं बोट त्या अंगठ्यापुढे ठेवलं. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली, कंबर दुखते हेही विसरून. "बाबा," ती एकदाच म्हणाली. मग तिने दुसऱ्या हाताने पदराला डोळे पुसले, फोन काढला आणि भावाला लावला.

"गाडीवाल्याला सांग, उद्या नको," ती म्हणाली. "नाही, पुढच्या शनिवारीही नको."